विहिरीतला पाव

पोर्तुगीज पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत कुणी ऐकलेली नाही? मीही लहानपणी ऐकली आणि मोठेपणी तीच उचलून आफ्रिकेत नेऊन बसवली. तिथल्या खेड्यांतलं धर्मांतर म्हणजे एक गोरा मिशनरी, त्याच्या हातात औषधाची बाटली आणि समोर भोळंभाबडं गाव. चारचौघांत हे मी ठासून सांगायचो. त्या गोष्टीतला गावकरी पाणी पिण्यापलीकडे काहीच करत नाही, हे तेव्हा मला खुपत नव्हतं.

मत हललं ते नाशिकमुळे. शरणपूर रोडवरून मी कितीदा तरी गेलोय. पण एकोणिसाव्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती आणि तिच्यात आफ्रिकन मुलं राहत होती, हे फार उशिरा वाचलं. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली ही मुलं. मुंबईमार्गे इथे यायची, लिहाय-वाचायला शिकायची, सुतारकी-लोहारकी शिकायची. त्यांतला जेकब वेनराइट, आफ्रिका धुंडाळणाऱ्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या सफरीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचं शव किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांतही तो होता. इतर काही जण मोंबासाजवळच्या राबाईला आणि १८७५ मध्ये वसलेल्या फ्रीरटाऊनला गेले, तिथे उपदेशक झाले, मास्तर झाले.

राबाईचं काम पाहणारा विल्यम जोन्स हा त्यांतलाच, नाशिकला शिकलेला. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईच्या आसऱ्याला येऊ लागले. मिशनच्या गोऱ्या वरिष्ठांना याची धास्ती, कारण चिडलेले मळेवाले कधीही चालून येतील. अखेर १८८९ च्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी कंपनीने मालकांना भरपाई दिली, तेव्हा हजारावर माणसं मोकळी झाली. ही माणसं प्रार्थनेला का बसली? आसरा मिळाला म्हणून, हे तर उघडच आहे. पण मालकाच्या मळ्यातून जीव मुठीत धरून निघायचं हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं होतं, आणि समोर उपदेश करणाराही एके काळी गुलामच होता. याला आमिष म्हणताना माझी जीभ अडखळू लागली.

मग हॅरिस वाचला. लायबेरियातला, ग्रेबो जमातीचा विल्यम वेड हॅरिस १९१३ मध्ये पांढरा झगा घालून, बांबूचा क्रूस आणि पाण्याचा भोपळा घेऊन आयव्हरी कोस्टमध्ये पायी शिरला. पाठीशी मिशन नाही, पैसा नाही, दवाखाना नाही. दीडेक वर्षात लाखाच्या आसपास लोकांनी त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला. बिथरलेल्या फ्रेंच सरकारने त्याला हद्दपार केलं. पुढे जवळजवळ दहा वर्षं कितीतरी गावांनी आपापल्या प्रार्थना आपणच चालवल्या. मेथडिस्ट मिशनरी १९२४ च्या सुमारास तिथे पोचले, तेव्हा त्यांना धर्म शिकवायला नव्हे, आधीच ख्रिस्ती झालेल्यांना सांभाळायला जावं लागलं. माझी औषधाची बाटली इथे कुणाच्या हातात द्यायची?

सगळं गोडीगुलाबीने झालं असं मी आताही म्हणणार नाही. वसाहतींत शाळा बहुतेक मिशनच्याच, त्यामुळे पोराला शिकवायचं तर वाट पुष्कळदा बाप्तिस्म्यावरून जायची. पूर्वी मी याला फसवणूक म्हणायचो. आता वाटतं, त्या बापाला हा व्यवहार पुरता कळत होता, निदान माझ्यापेक्षा तरी जास्त.

एका बाबतीत मात्र मी होतो तिथेच आहे. हॅरिस लोकांना जुन्या देवांच्या मूर्ती आणि मंतरलेल्या वस्तू जाळायला लावायचा. त्या लोकांनी आपल्या हातांनी जाळल्या, मागे कुणी गोरा उभा नव्हता, हे मान्य. पण घरातल्या एकाला जाळायच्या होत्या आणि दुसऱ्याला नव्हत्या, तर कुणाचं चाललं असेल? ती आग पाद्र्याने लावली काय आणि शेजाऱ्याने लावली काय, मला ती पटत नाही.