मुठीतलं धान्य

ऑगस्टमध्ये इथली शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात दप्तरातून एक पाकीट घरी येतं. मुलगी बालवाडीत गेली त्या वर्षी मी ते उघडलं आणि चक्रावलेच. कॅलिफोर्नियातली आमची सरकारी शाळा, आणि 'एज्युकेशन फाउंडेशन' नावाची कुठलीशी संस्था तिच्यासाठी दर मुलामागे काही शे डॉलर मागत होती. म्हटलं, ही काय भानगड? सरकारी शाळा ना? मग फी कसली?

नवरा म्हणाला, "अगं फी नाही, देणगी आहे. नीट वाच. 'सुचवलेली रक्कम' असं लिहिलंय."

"म्हणजे आपल्याकडचं डोनेशनच की!" मी म्हटलं आणि पाकीट फ्रिजवर ठेवून दिलं.

पण ते पाकीट काही डोक्यातून जाईना. मग वाचायला लागले. गोष्ट जुनी निघाली. १९७१ साली सेरानो खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या गावात महागडी घरं त्या गावाची घरपट्टी जास्त, म्हणून शाळाही श्रीमंत, हे घटनेच्या समानतेच्या तत्त्वात बसत नाही. पुढे १९७८ साली मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केलं. घरपट्टी घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधली गेली, आणि ती किंमतसुद्धा घर विकेपर्यंत वर्षाला फार तर २ टक्के वाढणार असं ठरलं. घरमालक खूश, शाळा मात्र अडचणीत. पैशाच्या नाड्या राज्याकडे गेल्या, आणि घरपट्टी वाढवून आपली शाळा चांगली ठेवायची वाट गावांना उरली नाही. तेव्हा पालकांनी दुसरी वाट काढली. ठिकठिकाणी फाउंडेशनं निघाली.

आता सक्ती करता येत नाही, कारण राज्यघटनेप्रमाणे शाळा मोफत आहे. १९८४ साली न्यायालयाने सांगितलं की नाटक, संगीत, खेळ यांनासुद्धा फी लावायची नाही. २०१२ साली त्यावर आणखी एक कायदा झाला. म्हणून तो 'सुचवलेली' शब्द. तुम्ही एक डॉलरही दिला नाहीत तरी तुमचं मूल चित्रकलेच्या तासाला इतरांसारखंच बसणार. हे कळल्यावर माझा राग ओसरला. आपल्याकडच्या डोनेशनशी केलेली तुलना मी मनातल्या मनात मागे घेतली.

फाउंडेशन ही शाळेपासून वेगळी, करमुक्त धर्मादाय संस्था. तिचं मंडळ वेगळं, हिशोब वेगळा, आणि तिचं वार्षिक विवरणपत्र कुणालाही बघता येतं. पैसे येतात पालकांकडून, गावातल्या दुकानदारांकडून, वसंत ऋतूतल्या लिलावाच्या जेवणातून. शिवाय बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, म्हणजे शंभराचे दोनशे. जाताना हे पैसे दोन वाटांनी जातात. मोठा हिस्सा एकरकमी डिस्ट्रिक्टला, ग्रंथपाल, संगीतशिक्षक, समुपदेशक यांच्या पगारासाठी. छोटा हिस्सा शिक्षकांनी अर्ज करून मागितलेल्या छोट्या अनुदानांसाठी. हे अर्ज एक समिती वाचते आणि गुण देते.

तर अशा समितीवर काही वर्षांपूर्वी माझी वर्णी लागली. का, तर मी "हिशोबाला बरी" म्हणून! चाळीसेक अर्ज, आणि पैसे जेमतेम पंधरांना पुरतील एवढे. पक्षपात नको म्हणून शाळा आणि शिक्षकांची नावं झाकलेली. मी रात्री जेवणं आटोपल्यावर चहा घेऊन बसायचे. नावीन्य ५ गुण, किती मुलांना फायदा ५ गुण, अंदाजपत्रकाची स्पष्टता ५ गुण, असा तक्ता. काही अर्ज काय सुरेख लिहिलेले होते! रोबोटचा एक अर्ज तर रंगीत तक्त्यांसकट होता. त्याला मी भरभरून गुण दिले.

एक अर्ज मात्र आठ ओळींचा होता. आमच्याकडे अकरा व्हायोलिनं कपाटात पडून आहेत, तारा तुटल्यात, दोनांचे घोडे निघालेत. नवी नकोत. दुरुस्तीला नऊशे डॉलर लागतील. बस.

नावीन्य? दुरुस्तीत कसलं नावीन्य! मी ५ पैकी १ दिला. अंदाजपत्रकालाही २, कारण एकच आकडा होता. दोन गुणांनी तो अर्ज बाद झाला.

वसंतात समितीतले आम्ही दोघं-तिघं अनुदानाचं काय झालं ते बघायला शाळा-शाळांतून हिंडलो. हायवेच्या पलीकडच्या शाळेत एका बाईंना पुस्तकांसाठी पैसे मिळाले होते, ते बघायला गेलो. संगीताच्या खोलीतून जाताना एक कपाट अर्धवट उघडं दिसलं. आत व्हायोलिनच्या पेट्या रचलेल्या. मी मोजल्या. अकरा.

तिथले संगीतशिक्षक तीन शाळा सांभाळत होते. दोन तासांच्या मधल्या सुट्टीत गाडीत बसून अर्ज लिहिला, असं ते हसत हसत म्हणाले. मी समितीवर आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण तक्रारीचा सूर नाही. "पुढच्या वर्षी परत लिहीन, जरा मोठा लिहीन," म्हणाले. मला कुठे बघावं कळेना.

नावं झाकली की न्याय होतो, अशी माझी समजूत होती. पण झाकलेल्या नावामागूनही वेळ दिसतो, आणि घरी बसून आपल्या शिक्षिकेला अर्ज लिहायला मदत करणारे पालकही दिसतात. त्यालाच मी गुण दिले होते.

हा प्रश्न आमच्याच गावाचा नाही. ओरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये अनेक वर्षं नियम होता की एखाद्या शाळेच्या पालकांनी पगारासाठी जमवलेल्या पैशातल्या पहिल्या दहा हजार डॉलरच्या वरच्या रकमेचा एक तृतीयांश भाग सामाईक निधीत टाकायचा. सांता मोनिका-मालिबूत २०११ साली बोर्डाने ठरवलं की पगारासाठीचा पैसा शाळेशाळेने वेगळा जमवायचा नाही, सगळ्या डिस्ट्रिक्टसाठी एकत्र जमवायचा. मालिबूचे पालक चिडले. त्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. आपल्या मुलाच्या शाळेसाठी माणूस खिशात हात घालतो तसा अनोळखी मुलासाठी सहजी घालत नाही.

की घालतो? माझी आजी सातारा जिल्ह्यातली. ती सांगायची, स्वयंपाकाचं धान्य काढताना घरात आधी एक मूठ वेगळ्या मडक्यात पडायची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, त्यांच्या बोर्डिंगांतल्या मुलांसाठी ती मूठ. सगळ्या जातींची पोरं तिथे एका पंगतीत जेवायची. आजीच्या घरातलं एकही मूल त्या बोर्डिंगात नव्हतं. आपली मूठ कुणाच्या पोटात गेली हे तिला कधी कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. मला मात्र दर वर्षी फोटोंसकट अहवाल येतो. अहवाल वाईट नाही हो, पैसा गेला कुठे हे कळायलाच हवं. पण फोटो दुरुस्तीचा चांगला येत नाही, रोबोटचा येतो.

समितीत मी विषय काढला. देणगीदारांना नवीन काहीतरी दिसायला हवं, असं एकजण म्हणाले. बरीच चर्चा झाली. शेवटी तक्त्यात 'गरज' नावाचा रकाना आला, आणि हजार डॉलरच्या आतल्या मागणीसाठी एका पानाचा सोपा अर्ज.

पुढच्या वर्षी मी तो आठ ओळींचा अर्ज शोधत होते. आला नाही. ते शिक्षक दुसऱ्या गावी गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना मी स्वतः फोन करून कपाटाबद्दल सांगितलं. त्यांनी ते उघडलंही नव्हतं. अर्ज आला, पैसे गेले, व्हायोलिनं वाजायला लागली. मधलं एक वर्ष मात्र गेलं ते गेलंच. त्या वर्षीची पाचवीतली मुलं व्हायोलिन न धरताच पुढच्या शाळेत गेली.

असो. यंदाही पाकीट आलं. खाली दोन चौकटी असतात, 'माझ्या मुलाच्या शाळेसाठी' आणि 'जिथे गरज असेल तिथे'. मी दुसरीवर खूण केली आणि या वेळी पाकीट फ्रिजवर न ठेवता लगेच दप्तरात घातलं.