वापसा

मृगाचा पाऊस झाला, वापसा आला आणि नेमका पाभरीचा फण तुटला. तालुक्याला वेल्डिंगच्या दुकानात नंबर लागेस्तोवर दोन दिवस गेले. वापसा उडाला. आबा काही बोलले नाहीत, नुसते बांधावर बसून राहिले. सुगी झाल्यावर मी मशीन घ्यायचं ठरवलं.

दुकानात सगळ्यात मोठ्या आकड्याचं मशीन डोळ्यांत भरलं. सोबतचे गावातले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "पोरा, डब्यावरचा आकडा नगं बघू. वस्तीवरची लाइट बघ."

वस्तीवर सिंगल फेज, तीही मिणमिणती. जुन्या पद्धतीचं ट्रान्सफॉर्मरचं धूड स्वस्तात मिळत होतं, पण ते लावलं की घरातले बल्ब झोपले असते. म्हणून २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन घेतलं. खांद्याला अडकवून रानात नेता येतं. २.५ मिलिमीटरचा रॉड सत्तर-ऐंशी अँपिअरवर चालतो, ३.१५चा शंभर-सव्वाशेवर. शेतीला याहून जास्त लागतंय कुठं?

"मशीनमध्ये वाचव, काचेत नगं," म्हणत मिस्त्रींनी हेल्मेट आणि कातडी हातमोजे घ्यायला लावले. तरी पहिल्या दिवशी घाईत दोन टाके उघड्या डोळ्यांनी मारले. रात्रभर डोळ्यांत वाळू खुपत होती.

पुढच्या मृगात फण पुन्हा तुटला. गंज घासला, रॉड लावला. जोड गार झाल्यावर आबांनी त्यावरून बोट फिरवलं.

"ओबडधोबड हाय," ते म्हणाले, "पण वापशात झालं."