खव्याचा केक

परभणीत आमच्या घरी केक यायचा तो फक्त वाढदिवसाला, गुलाबी क्रीमचा. आई माळकरी, म्हणून बिनअंड्याचा. इंजिनिअरिंग झालं, मुंबईत नोकरी लागली आणि सुट्टीच्या दिवशी पायी केक शोधत फिरायचा नाद लागला. लोकलमधून शहराची स्टेशनं कळतात, वास कळतात ते चालताना.

ग्रँट रोड स्टेशनजवळच्या बी. मेरवान या १९१४ सालच्या इराणी हॉटेलात पहिल्यांदा मावा केक खाल्ला. तिथं सकाळी लवकर जावं लागायचं, केक संपायचे. मावा म्हणजे आपला खवाच की! त्यात वेलदोडा. इराणहून आलेल्या माणसांच्या भट्टीत इथल्या दुधाचा खवा गेला आणि केक मुंबईचा झाला. बाहेरून येऊन या शहरात कसं मुरायचं, ते मला या केकनं सांगितलं.

अडचण एकच, त्यात अंडं असतं. आईला कसा चाखवणार? म्हणून गिरगाव, फोर्ट, दादर पालथं घातलं. बिनअंड्याचे चार मिळाले, तीन कोरडे ठणठणीत. चौथा देवगिरी एक्स्प्रेसनं परभणीला नेला.

आई म्हणाली, "पेढाच हाय की रे हा, नुसता फुगलेला."

आणि दुसरा तुकडा उचलला.