दत्तू ऊर्फ दत्तात्रेय

बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘दत्तात्रेय’, सातबाऱ्यावर ‘दत्तू’. एवढ्यावर वारसनोंद अडली. गाव त्यांना जन्मभर दत्तू म्हणालं, कुण्या जुन्या तलाठ्याने तेच लिहिलं आणि संगणकाने इमानेइतबारे उतरवून घेतलं. आता दोघे एकच होते, हे मी सिद्ध करायचं.

जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमाद दुरुस्त होतो. अर्ज तहसीलला द्यायचा. तहसीलवाले म्हणतात, आधी खालून अहवाल आणा. खालचे भाऊसाहेब आज सजावर, उद्या मीटिंगला, परवा निवडणुकीच्या कामाला. (त्यांच्या गळ्यात चार गावं आहेत, हेही खरंच.) वर प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टॅम्पवरच हवं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे म्हटलं, तर कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, “असेल हो. आमच्याकडे असंच चालतं.”

आई म्हणाली, “देऊन टाक बाबा, पेरणी तोंडावर आलीय.” काढला स्टॅम्प. चीड पैशाची नाही, त्या ‘असेल हो’ची आहे.

आता फेरफार पडेल, मग पंधरा दिवस हरकतीची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. सोसायटीच्या सचिवांनी मात्र आत्ताच बजावलंय, कर्जाला उतारा ताजाच लागेल.