पुढचा अध्याय उद्या

वाचक माऊली, एखाद्याच्या येण्यासाठी थांबण्याला आपण मराठीत 'वाट पाहणे' म्हणतो. शब्द साधा आहे, पण त्यात डोकावून पाहावे. ज्याची ओढ लागली तो अजून दिसत नाही. दिसते ती त्याची वाट. डोळे तिच्यावर लागलेले असतात. वारकऱ्याला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वर्षातले काही दिवस तो वाट चालतो आणि उरलेले दिवस वाट पाहतो. या दोहोंची मिळून वारी होते.

हे आज लिहायला कारण घडले ते घरोघरच्या टीव्हीचे आणि मोबाईलचे. पूर्वी मालिकेचा एक भाग आठवड्याने येई. आता दहा-दहा भाग एकदम हाती पडतात. एक संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. आपण काकड्याला उठतो त्या वेळी घरातला मुलगा पडद्यासमोरून उठून झोपायला जातो. नेटफ्लिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने २०१३ साली एका मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी खुले केले आणि ही रीत पुढे जगभर पसरली. त्याच कंपनीच्या प्रमुखाने २०१७ साली सांगून टाकले की आमची स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. जागर आपल्याकडेही आहे. पण आपला जागर देवासाठी असतो. हा जागर कोणासाठी, ते ज्याचे त्याने ठरवावे.

काही माऊली म्हणतील, महाराज, तो मुलांचा विषय झाला. आम्ही रामायण पाहतो, कीर्तन ऐकतो. चांगलेच ते, मग सलग ऐकले तर बिघडले कुठे? प्रश्न रास्त आहे, म्हणून शास्त्राकडे जाऊ. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला तीन पायऱ्या सांगितल्या: श्रवण, मनन आणि निदिध्यासन. ऐकावे, ऐकलेले मनात घोळवावे, आणि मग ते अंगी मुरू द्यावे. यातले श्रवण निम्मे सांगणाऱ्याच्या हाती असते. मनन मात्र सगळे ऐकणाऱ्याचे. आणि ते केव्हा सुरू होते? सांगणारा गप्प झाला म्हणजे. दोन भागांमधली जी रिकामी जागा, ती श्रोत्याच्या मालकीची आहे. पुढचा भाग लगेच सुरू झाला, की ती जागाच उरत नाही.

आपल्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले त्यांना १९८७ साल आठवत असेल. २५ जानेवारीला दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे रामायण सुरू झाले. दर रविवारी सकाळी साडेनऊला. ठरले होते बावन्न भाग, झाले अठ्ठ्याहत्तर. ३१ जुलै १९८८ पर्यंत, म्हणजे दीड वर्ष, देश रविवार ते रविवार रामकथेत होता. आमच्या खानदेशातल्या गावांत तेव्हा एखाद-दुसऱ्या घरीच टीव्ही असायचा. माणसे अंघोळ करून, टोपी घालून यायची. त्या डब्याला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. रस्ते ओस पडायचे. शेवटी कथा रावणवधाने आणि राज्याभिषेकाने थांबली, तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी पुढची कथाही दाखवा म्हणून संप केला, इतका जीव लोकांनी लावला होता.

आम्हा कीर्तनकारांत त्या वेळी चिंता होती, की आता सप्ताहाला कोण येणार? माझा अनुभव उलटा होता. सप्ताहाला माणसे आली आणि प्रश्न घेऊन आली. कैकेयीने वर मागितला तो रविवार होऊन गेला, की आठवडाभर पारावर, विहिरीवर, कापूस वेचताना तीच चर्चा. दशरथाने शब्द द्यायलाच नको होता, असे एक म्हणे. दुसरा म्हणे, भरताची चूक काय? बायका ऊर्मिलेसाठी हळहळायच्या. रात्री कीर्तन आटोपले की चारजण थांबायचे, "महाराज, रविवारी दाखवलं ते खरं का तुम्ही सांगता ते?" टीव्हीवर कथा जेमतेम पाऊण तास. उरलेले सहा दिवस ती लोकांच्या तोंडात आणि मनात. माझ्या मते त्या दीड वर्षातले खरे रामायण त्या सहा दिवसांत झाले.

तेच रामायण २०२० साली पुन्हा लागले. टाळेबंदी सुरू झाली आणि २८ मार्चपासून सकाळी नऊ आणि रात्री नऊ असे रोज दोनदा दाखवू लागले. त्यातच २ एप्रिलला रामनवमी घरात बसून साजरी झाली. १८ एप्रिलला रामायण संपलेसुद्धा. दीड वर्षाची कथा तीन आठवड्यांत. त्या भीतीच्या दिवसांत तिने घराघराला धीर दिला, ते मी विसरणार नाही. माझ्याही घरी सगळे एकत्र बसत. पण कैकेयीवर कोणी बोलले नाही. सकाळचा भाग मनात उतरेपर्यंत रात्रीचे नऊ वाजत. अर्थात तेव्हा पारही बंद होता आणि बोलायला शेजारी जाता येत नव्हते, हेही खरे. सगळा दोष घाईवर ढकलणे बरोबर नाही.

मात्र त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, आणि ती आपल्या वर्मी लागलेली आहे. मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताईची पालखी निघते ती महिनाभराहून अधिक चालून पंढरीला पोचते. २०२० साली १ जुलैला आषाढी एकादशी होती, आणि मुक्ताईच्या पादुका आदल्या दिवशी एसटीने एका दिवसात पंढरपूरला नेल्या. आळंदी-देहूच्या पादुकाही तशाच बसने गेल्या. तसे करणे भागच होते, कोणाची तक्रार नाही. पादुका त्याच, पंढरी तीच, एकादशी तीच, विठुराया तोच. पोचण्यात काहीच उणे नव्हते. तरी ज्याच्या पायाला वारीची सवय होती त्याला ते वर्ष सुने का गेले? कारण वाट राहून गेली होती. पायाला फोड येणे, मुक्कामाच्या गावची पिठले-भाकरी, दिंडीतल्या अनोळखी म्हातारीने रात्री सांगितलेले सुखदुःख, हे सगळे वाटेवरचे असते. मुक्कामी पोचल्यावर देव भेटतो, पण भेटीला लायक माणूस घडतो तो वाटेवर.

आता एक शंका वारकऱ्यानेच काढायला हवी. आपण 'अखंड हरिनाम सप्ताह' म्हणतो. वीणा सात दिवस खाली ठेवत नाही. नऊ हजारांवर ओव्यांच्या ज्ञानेश्वरीचे पारायणही सात दिवसांत करतो. मग सलग पाहणाऱ्याला नावे कोणत्या तोंडाने ठेवायची?

माऊली, सप्ताहात वीणा अखंड असते, वीणेकरी अखंड नसतो. पहारा बदलतो. एकाने आपली वेळ भरली की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा देतो, पाया पडतो आणि घरी जातो. तिथे म्हैस दोहायची असते, केळीला पाणी द्यायचे असते. ते करताना नाम त्याच्या ओठी राहते. नाम अखंड, माणूस पाळीने. पडद्यासमोर बसलेल्याची पाळी संपतच नाही, कारण तिथे वीणा उतरवून घ्यायला कोणी येत नाही.

राजा परीक्षितीने भागवत सात दिवसांत ऐकले. त्याला घाई होती, कारण सातव्या दिवशी तक्षक येणार होता. तरीही भागवत उघडून पाहा, जागोजागी राजाचे प्रश्न आहेत. राजा विचारतो, मग शुकाचार्य पुढे जातात. मरण सात दिवसांवर आलेल्या माणसालाही शुकांनी विचारायला उसंत दिली. आपल्याला तर तक्षकाची तारीखही कळवलेली नाही. मग आपण कोणाच्या भीतीने धावतो?

मननाची रिकामी जागा काय करते, याचा एक दाखला मी स्वतः पाहिला आहे. पस्तीस-चाळीस वर्षे झाली. अमळनेर तालुक्यातल्या एका गावी सप्ताहात दुपारचे प्रवचन सातही दिवस माझ्याकडे होते. विषय चांगदेव महाराजांचा. आपल्या तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचे मंदिर आहे, त्यामुळे खानदेशाला ते घरचे. दुसऱ्या दिवशी कथा पत्रापर्यंत आली. ज्ञानोबांना पत्र लिहायचे, तर वर मायना काय घालावा? वयाने ते लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने थोर. नमस्कार लिहावा, तर वयाचा मान आडवा येतो. शेवटी चांगदेवांनी कोराच कागद पाठवला. एवढे सांगून मी थांबलो. म्हटले, कोऱ्या कागदाला उत्तर काय गेले ते उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळाच्या ओट्यावर बसलो असता एक आजीबाई आल्या. अक्षरओळख नाही, आयुष्य शेतात गेलेले. म्हणाल्या, "महाराज, मी बी असाच कोरा कागद लिसन बठेल शे." मला आधी उमगले नाही. मग त्यांनी सांगितले. बांधावरून दोन भावांत वाद झाला होता आणि जावेशी बारा वर्षे बोलणे नव्हते. जाऊ नात्याने थोरली, वयाने यांच्याहून लहान. आपण आधी बोलायचे तर कोणत्या नात्याने, पाया पडून की पाठीवर हात ठेवून? एवढ्यावर बारा वर्षे गेली होती. रात्रभर चांगदेव त्यांच्या डोळ्यांपुढून हलले नव्हते.

त्या दुपारी मी उत्तर सांगितले: निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानोबांनी पासष्ट ओव्या लिहून पाठवल्या, आणि पुढे मुक्ताईनेच चांगदेवांना शिष्य केले. आजीबाई समोर बसून ऐकत होत्या. चौथ्या दिवशी त्यांच्या शेजारी आणखी एक बाई बसलेल्या दिसल्या. दोघींत एकच पदर डोक्यावर घेतल्यासारखी जवळीक होती. त्या दोघींत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पण एवढे जाणतो, की पत्र आणि उत्तर मी एकाच दुपारी सांगून टाकले असते, तर आजीबाईंनी मान डोलावली असती, जय हरी म्हटले असते आणि घरी गेल्या असत्या. त्यांना एक रात्र मिळाली. काम त्या रात्रीने केले.

म्हणून मला आज काळजी वाटते ती मालिकांपेक्षा आपल्या कीर्तनाची. मी आता गादीवर उभा राहत नाही, घरी बसून ऐकतो, त्यामुळे श्रोत्यांचे जग जवळून दिसते. यूट्यूबवर थोरामोठ्यांची कीर्तने आहेत. अंथरुणाला खिळलेल्याला, रात्रपाळीच्या कामगाराला, परदेशी राहणाऱ्या लेकीला हे फार मोठे दान आहे. पण एक कीर्तन संपताच मोबाईल दुसरे लावतो, मग तिसरे. विनोद तेवढे लक्षात राहतात. अभंग कोणता होता ते विचारले तर आठवत नाही. दोन तास एकाच अभंगाभोवती फिरायचे ही आपली रीत. तो अभंग रात्री बरोबर घरी न्यायचा असतो. एका रात्रीत चार नेले, तर एकही घरी पोचत नाही.

चातुर्मासात गावोगावी पोथी लागते. श्रीधरस्वामींचा रामविजय चाळीस अध्यायांचा, हरिविजय छत्तीस, पांडवप्रताप चौसष्ट, महिपतींचा भक्तिविजय सत्तावन्न. रोज संध्याकाळी एक अध्याय. माझ्या लहानपणी आमच्याकडे पोथी सांगणारे बुवा अध्याय संपला, की पुढच्या अध्यायाची पहिली ओवी वाचत आणि तिथेच पोथी रुमालात बांधत. कोणी म्हणे, बुवा, अजून थोडे. ते हसून म्हणत, "पुढचा अध्याय उद्या. आज जो ऐकला तो घरी सांगा." ती एक ओवी म्हणजे उद्याची वाट दाखवून ठेवणे होते.

आणि आपला देव कोण आहे ते आठवा. आईबापांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाने वीट भिरकावली आणि म्हटले, थांब. देव थांबला. अजून थांबला आहे. कमरेवर हात ठेवून जो भक्ताची वाट पाहतो, त्याच्या भक्तांना वाट पाहण्याचा कंटाळा यावा, हे शोभते का?

तेव्हा या चातुर्मासापुरता एक नेम करून पाहा. दिवसाला एक कीर्तन, एक अध्याय. मालिका पाहत असाल तर तिचाही एकच भाग. तो झाला की बंद करा आणि घरातल्या कोणाला तरी विचारा, तुला काय वाटले? नातवाला विचारा, सुनेला विचारा. मुलांना रागावू नका, त्यांच्याशी त्या भागावर बोला. आठ दिवसांत घरात बोलणे वाढलेले दिसेल. आणि कोणाच्या घरी बारा वर्षांचा कोरा कागद पडून असेल, तर त्या मोकळ्या रात्री त्याचाही मायना सुचेल.

रामकृष्ण हरी.