कडी आतून लागली होती

बीडीडी चाळीत दिवसा कुणी दार लावत नसे. इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळीत अशा १२१ इमारती बांधल्या. एका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, मधून लांब कॉरिडॉर, संडास सामायिक. भाजी निवडणं, पोरांचा अभ्यास, भांडणतंटा, सगळं उघड्या दारात चालायचं. म्हणूनच २०१९च्या मार्चमध्ये माझं दार दिवसभर बंद राहू लागलं, तेव्हा ते अख्ख्या मजल्याला कळलं.

त्याआधीच्या डिसेंबरात, नाताळ आठ दिवसांवर आला असताना, आई गेली. शिवडीच्या दफनभूमीत तिला ठेवून आलो. रडू आलं नाही. पुढे झोप उडाली. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. जेवणाची चव गेली. अंघोळ करायची म्हटलं तरी डोंगर चढायचा आहे असं वाटे. कामावर जाणं सुटलं.

आईची ‘उपासना संगीत’ची प्रत उशाशी होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं तिला तोंडपाठ होती. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीच्या चालीत आणली, म्हणून भाकऱ्या थापतानाही ती गाता यायची. मी पान उघडायचो, अक्षरं दिसायची, पण गळ्यातून आवाज निघत नसे. प्रार्थनेला बसलो तर “हे प्रभू” यापुढे शब्द नव्हता. ओळखीतलं कुणीतरी म्हणालं, “विश्वास कमी पडतोय तुझा.” ते मी खरं मानलं आणि कडी लावून घेतली.

भिंतीवर आईने लावलेलं जुनं कॅलेंडर होतं. त्यावर येशू दाराशी उभा राहून ठोठावतोय. शब्बाथशाळेत शिकवलं होतं, त्या दाराला बाहेरून कडी नाही, आतल्या माणसानेच उघडायचं असतं. लहानपणी हे आवडायचं. त्या दिवसांत मात्र ते चित्र बघवत नव्हतं. उठून कडी काढायची ताकदच माझ्यात नव्हती. ज्याला उघडता येत नाही, त्याने काय करायचं?

समोरच्या खोलीतल्या आजींनी एके दुपारी दारावर थापा मारायला सुरुवात केली. त्या बौद्ध, घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. “उघड रे बाळा. नाही उघडलंस तर पोरांना बोलावून दार काढायला लावीन.” मी कसाबसा उठलो. त्या आत आल्या, भाकरी आणि सुकटीचं ताट पुढे ठेवलं आणि खाली बसून तांदूळ निवडू लागल्या. तासभर एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच नातवाला पाठवून आमच्या पाळकसाहेबांना बोलावून आणलं.

पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढला. येशूला क्रुसावर दिल्यावर शिष्य भीतीने दारं लावून बसले होते. दारं बंदच होती आणि तो त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. कडी कुणी काढली, असं तिथे लिहिलेलंच नाही. त्याने कुणाला “विश्वास कुठे गेला?” असंही विचारलं नाही. शांती दिली आणि आपले हात दाखवले. पुन्हा उठलेल्या त्या देहावर खिळ्यांचे वण तसेच होते.

हा अध्याय मी दरवर्षी ऐकत आलो होतो, पण तो माझ्या खोलीविषयी आहे हे त्या दिवशी कळलं.

मग पाळकसाहेब म्हणाले, “उद्या केईएम हॉस्पिटलला जायचं. मी येतो सोबत.” मी म्हटलं, गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास नाही का? त्यांनी एलीया संदेष्ट्याची आठवण करून दिली. तो मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी पाठवलं. बोलणं नंतर झालं. परळच्या ओपीडीत डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे, याला नैराश्य म्हणतात. औषधाचा गुण यायला काही आठवडे गेले.

२१ एप्रिलला ईस्टर होता. मी देवळात शेवटच्या बाकावर बसलो. गायलो नाही. आईची गीतं मंडळी गात होती आणि पहिल्यांदाच वाटलं, आज माझ्या वाटणीचंही हेच लोक गाताहेत. ती रात्र सलग झोपलो. आशा मला अशी मिळाली. दुसऱ्यांच्या हातून आणि दुसऱ्यांच्या आवाजात.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. स्वतंत्र संडास, लिफ्ट. चाळीने यासाठी फार वाट पाहिली. पण फ्लॅटची दारं लावलेलीच असतात. कुणाचं दार दुःखाने बंद आहे, हे आता बाहेरून कळणार नाही.

म्हणून सांगतो. तुम्ही आत असाल, तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोला, डॉक्टरांकडे जा आणि प्रार्थना सुचत नसेल तर नुसते बसून राहा. तो बंद दारातूनही येतो. आणि तुम्ही बाहेर असाल, तर शेजारचं दार ठोठावा. जाताना ताट घेऊन जा.