जास्त चुकांचा वॉर्ड

मंगळवार, रात्री

एमी एडमंडसन यांचं जुनं संशोधन पुन्हा वाचत बसलोय. नव्वदच्या दशकात, हार्वर्डमध्ये पीएचडी करताना त्यांनी रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. अंदाज सरळ होता: टीम चांगली, तर चुका कमी. आकडे उलटेच आले. चांगल्या वॉर्डांतच जास्त चुका! खुलासा असा निघाला, की तिथल्या परिचारिका चुका मोकळेपणानं सांगत होत्या. बाकीकडे चुका दाबल्या जात होत्या. पुढे १९९९च्या त्यांच्या शोधनिबंधानंतर ‘मानसिक सुरक्षितता’, म्हणजे न घाबरता चूक सांगता येणं, व्यवस्थापनाच्या वर्गांत पोहोचली. (आता तिची पोस्टरंही लागतात, तो भाग वेगळा.)

मला मात्र त्यातली मुख्य सिस्टर दिसत राहते. चूक कळल्यावर ती आधी ‘कुणी केलं?’ विचारते की ‘कसं झालं?’, हे नव्या मुली कान देऊन ऐकत असणार.

आपल्याकडे ‘सर, हे चुकतंय’ म्हणायला आधी वय लागतं, मग पद. ‘शंका असतील तर विचारा’ म्हणत घड्याळ बघणारे साहेब तर पैशाला पासरी.

आमच्याकडचा नवा मुलगा आल्यापासून फक्त ‘हो सर’ म्हणतोय. उद्या त्याला विचारणार आहे, माझ्या आराखड्यात तुला काय पटलं नाही?